चौदा महिन्यांचे पाय

नॉर्विन काही फार गोड माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. हल्ली आमच्या काउकिरा गावात जो तो त्याच्याविषयी डोळ्यांत पाणी आणून बोलतो. बोलू देत. सतरा वर्षं एका होडीत मी त्याच्याबरोबर काढली आहेत. पत्त्यांत हरला की पत्ते खाडीत फेकणारा माणूस आहे तो. बायकोने वाबुल, म्हणजे केळ्याची पेज, जरा पातळ केली तर वाडगा तसाच सरकवून ठेवणारा. म्हणून माझ्याकडून ऐका, मी उगाच देव्हाऱ्यात बसवणार नाही त्याला.

आमचा धंदा शेवंडांचा. पाणबुड्या पाठीवर हवेची टाकी बांधून वीस-वीस वाव खाली जातो आणि दगडांच्या कपारीतून शेवंड ओढून काढतो. नॉर्विन तो खालचा माणूस, मी, लोहो, वरचा. वरच्या माणसाचं काम काय, तर होडीत बसून बुडबुड्यांवर नजर ठेवायची. खालच्याने सोडलेला श्वास बुडबुडे होऊन वर येतो. बुडबुडे सरकले की आपणही वल्हं मारत मागोमाग सरकायचं. लोक म्हणतात, त्यात काय अक्कल लागते? लागते. वाऱ्याने पाणी फुटलेलं असताना दुसऱ्याचा श्वास नजरेने धरून ठेवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं.

आमच्यात एक रीत आहे. टाकीवर टाकी झाली की टाकीच्या हवेचा मार बसतो, आणि आधी पाय बधिर होतात. खालचा वर आला आणि होडीच्या काठाला हात घातला, की वरच्याने त्याच्या मांडीला कचकन चिमटा काढायचा. त्याने आईबहिणीवरून शिवी दिली तर ठीक, दुसरी टाकी बांधून जाऊ द्यायचं. शिवी आली नाही तर त्या दिवसाचं काम बंद. मग त्याने कितीही गयावया केली तरी बंद.

नॉर्विन एकतीस वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी बाराव्या टाकीनंतर मी चिमटा काढला आणि तो नुसता हसला. म्हणाला, "एकच टाकी, लोहो. दगडाखाली अख्खं गाव वसलंय शेवंडांचं." आणि मी जाऊ दिलं. मलाही हाव सुटली होती, दुसरं काय. तेराव्या टाकीनंतर तो वर आला तो कमरेखाली लाकूड होऊन. म्हातारे म्हणाले, समुद्रातल्या बाईने, लिवाने, कंबर धरली त्याची. जास्त घेणाऱ्याची ती धरतेच. लिवाने धरली की मी सोडली, हे मला आणि नॉर्विनला ठाऊक होतं. नॉर्विनने ते एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही, आणि चिडक्या माणसाचं असलं न बोलणं फार जड जातं.

पुढची नऊ वर्षं एर्मेलिंडाने काढली. एर्मेलिंडा म्हणजे त्याची बायको. दर तीन तासांनी त्याला कुशीवर वळवायचं, पाठीला पडलेल्या जखमा धुवायच्या, आणि वर त्याची कुरकुर ऐकायची. तिच्या घरी गेलो की मी तिच्या हातांकडे बघायचं टाळत असे.

मग लांबच्या एका बेटावरची कंपनी आली. परदेशी श्रीमंत लोक त्या बेटावर म्हातारपण लांबवायला येतात, रक्त बदलून घेतात, डोळ्यांत काय काय बसवून घेतात, हे आम्ही ऐकून होतो. आपल्याला काय त्याचं, असं म्हणून सोडून दिलं होतं. पण कंपनीला लुळ्या पाणबुड्यांमध्ये रस होता. आमच्या गावात ते हवे तितके मिळतात. डॉक्टर ओदिलिया म्हणून राजधानीची एक बाई आली. बाई चांगली होती, हे सांगायलाच हवं. वाईट असती तर ही गोष्ट सोपी झाली असती. तिने सात जण निवडले. नॉर्विनच्या पाठीत काडेपेटीएवढं यंत्र बसवलं आणि कण्यात तारा घातल्या. दर तीन महिन्यांनी कंपनीच्या माणसाने येऊन त्याच्या पाठीला संगणक टेकवायचा, म्हणजे यंत्र पुढचे तीन महिने चालणार. नाही टेकवला, तर आपोआप बंद.

पाच आठवड्यांनी नॉर्विन उभा राहिला. पहिल्यांदा चालत तो कुठे गेला म्हणाल? चर्चमध्ये नाही. संडासाला. नऊ वर्षांनी एकटा गेला, आतून कडी लावली आणि तासभर बाहेर आला नाही. एर्मेलिंडा दार ठोठावून दमली. आतून आवाज आला, "मर जा, मी बसलोय." ती तिथेच पायरीवर बसून रडली. मीही रडलो, लपवत नाही.

पाय म्हणजे अगदी पहिल्यासारखे नव्हते. जरा बाहुलीसारखे पडायचे, आणि जाण अर्धीमुर्धीच आली होती. पण तो जेटीपर्यंत जायचा, पाण्याची घागर आणायचा, मेव्हण्याशी भांडायला त्याच्या घरापर्यंत चालत जायचा. मेव्हणा म्हणजे रेंडेल, एर्मेलिंडाचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा, काउकिरातला सगळ्यात चपळ पाणबुड्या आणि तोंडाने सगळ्यात फाटका.

अकराव्या महिन्यात डॉक्टरीणबाई दुसरी गोष्ट घेऊन आल्या. एक सुई. ती घेतली की रक्त हवा दुप्पट-तिप्पट धरून ठेवतं. माणूस टाकीशिवाय, एका श्वासात, पंधरा-अठरा मिनिटं खाली राहू शकतो. "टाकी नाही तर टाकीचा मारही नाही," बाई म्हणाल्या. "या वर्षात तुमच्या किनाऱ्यावर किती जण लुळे झाले, सांगा मला." आम्हाला आकडा ठाऊक होता. खोटं काय बोलत होती ती? काहीच नाही.

आधी नॉर्विनवर करून बघायचं ठरलं. ज्याला पाय दिले त्यालाच श्वासही दिला, असं कंपनीला जगाला दाखवायचं होतं. नॉर्विन एका उडीत तयार झाला. नऊ वर्षं समुद्र खिडकीतून पाहिलेला माणूस तो, दुसरं काय करणार? त्याने एकच अट घातली, "लोहो होडीत पाहिजे." बाई हसल्या. त्यांची पांढरीशुभ्र लाँच होती, घड्याळं होती, दोन पोहणारे होते. तरी मला माझ्या डगमगत्या होडीतून यावं लागलं.

सकाळी नऊला, बाहेरच्या खडकाजवळ, त्याने डोळ्यांना काच लावली, श्वास भरला आणि गेला. मी सवयीने वल्हं धरून पाण्याकडे पाहू लागलो. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की पाहायला काहीच नाही. टाकी नाही, त्यामुळे बुडबुडे नाहीत. पाणी म्हणजे नुसतं पाणी. सतरा वर्षांत मी त्याला कधी नजरेआड केलं नव्हतं. त्या दिवशी तो बुडाला त्याच क्षणी माझ्या हातून गेला. मी होडी इकडे नेली, तिकडे नेली. लाँचवर बाई मिनिटं मोजत होत्या, "दहा... अकरा..." आणि कौतुकाने मान हलवत होत्या. सतराव्या मिनिटाला तो वर आला तो कुठे, तर ओढीने वाहत जाऊन मागे, पार लांब, नारळाएवढं डोकं दिसेल इतक्या अंतरावर. लाँचवर टाळ्या वाजल्या.

मी गाठलं त्याला. चिमटा काढला. त्याने शिवी दिली. मला जरा बरं वाटलं.

संध्याकाळी जेटीवर आम्ही दोघंच बसलो होतो. नॉर्विन म्हणाला, "लोहो, मी वर आलो नाही. मला वर आणलं."

"कुणी?"

"पायांनी. यंत्रात पंधरा मिनिटांची वेळ भरून ठेवलीय त्यांनी. वेळ झाली की पाय झटकतात. ते झटकायला लागले तेव्हा मला राग आला. एक कासव चाललं होतं, मी त्याच्या मागे चाललो होतो. तहान नाही, घाई नाही. छातीत काही नाही. एर्मेलिंडा नाही, तू नाहीस. मला वर यायचंच नव्हतं रे."

मी म्हणालो, "मग बाईंना सांग."

"सांगितलं. म्हणाली, सगळ्यांना मनगटावर वाजणारं घड्याळ देऊ. मी म्हटलं, बाई, घड्याळ वाजेल हो, पण ऐकायला माणूस ठिकाणावर हवा ना?" मग तो खाडीकडे वळून म्हणाला, "श्वास संपत आला की छातीत आग होते ना, तिला मी जन्मभर शिव्या घातल्या. तीच घरी आणत होती."

इथे खरी गोची झाली. पुढच्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या पाणबुड्यांची सभा होती. कंपनी सुई देणार, आमच्या होड्या लादून लांब समुद्रात नेणाऱ्या मोठ्या बोटीचा मालक सुई घेतलेल्यांना आधी कामावर घेणार, आणि नॉर्विनने उभं राहून सांगायचं की सुई चांगली आहे. पाठीला संगणक टेकवायची तारीख त्यानंतरच्याच आठवड्यात होती. तो नाही म्हणाला तर टेकवणार नाहीत, असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. करारात लिहिलं होतं की कंपनीच्या कामाला सहकार्य असेल तोवरच यंत्र चालू.

एर्मेलिंडाने मला दारातच गाठलं. "भावजी, तुम्ही समजवा त्यांना. हो म्हणायला काय जातं? पोरं काय त्यांचं ऐकून सुई घेणार आहेत? घ्यायची ते घेणारच."

"वहिनी, त्याला जे वाटलं..."

"त्यांना काय वाटलं ते राहू द्या. मला काय वाटतं ते विचारलं कुणी?" तिने हात माझ्यासमोर धरले. या खेपेस मला बघावेच लागले. "नऊ वर्षं. माझी पाठ गेली, भावजी. मला आता नाही जमायचं ते. मी खोटं कशाला बोलू? मला नाही जमायचं."

नॉर्विन आतून सगळं ऐकत होता. तो बाहेर आला नाही. मी त्याला काही समजावलं नाही. एकदा मी हावेपोटी त्याला जाऊ दिलं होतं. आता कुठल्या तोंडाने सांगू की खोटं बोल? आणि खरं बोल, असं तरी कुठल्या तोंडाने सांगू? पाय माझे जाणार नव्हते.

रविवारी हॉल गच्च भरला होता. त्रेपन्न पाणबुडे, त्यांच्या बायका, आणि मागच्या भिंतीला चाकाच्या खुर्च्यांची रांग. त्या खुर्च्यांतले सगळे एकेकाळचे पाणबुडेच. पास्टरने प्रार्थना केली आणि मुद्दाम बाजूला जाऊन बसला. डॉक्टरीणबाई बोलल्या, छान बोलल्या. मग नॉर्विन आपल्या पायांनी चालत पुढे गेला. त्याचं ते चालणं हेच अर्धं भाषण होतं; खुर्च्यांतले लोक त्याच्या पायांकडेच बघत होते.

तो म्हणाला, "या बाईने मला उभं केलं. तिचे उपकार मी विसरणार नाही. आता सुईचं ऐका. सुईने श्वास पुरतो, अगदी खरं आहे. पण खाली गेल्यावर घर आठवत नाही. वर कोण वाट बघतंय ते आठवत नाही. आणि वरच्याला तुम्ही दिसत नाही, कारण बुडबुडे नसतात. माझे पाय झटकले म्हणून मी इथे उभा आहे. तुमच्यातल्या कुणाचे पाय झटकणार आहेत? घेऊ नका. निदान एकट्याने घेऊ नका."

मग रेंडेल उठला. "वा, दाजी. स्वतःचं पान वाढून घेतलं, आता पंगत उठवा. तुम्हाला लोखंड घालून पाय मिळाले ते चाललं, आणि आम्ही लुळं होऊ नये म्हणून एक सुई घेतली तर घर आठवणार नाही? टाकीने रोज मरतोच आहोत. त्यापेक्षा हसत मरू."

लोक हसले. खुर्च्यांतलेही हसले, ते मला जास्त लागलं. नॉर्विन एरवी अशा वेळी हातातलं फेकून मारतो. त्या दिवशी तो शांतपणे म्हणाला, "रेंडेल, तुझं चुकत नाही. सुई वाईट आहे असं मी म्हणतच नाही. एकट्या माणसाला सुधारतात हे लोक. पाणबुड्या कुठे एकटा असतो?" आणि खाली बसला.

एकतीस जणांनी त्याच दुपारी सह्या केल्या. रेंडेल पहिला.

संगणकवाला आला नाही. त्याऐवजी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, एकट्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी खूप भांडले. तीन महिने मिळवले फक्त. त्यानंतर..." त्यांनी स्वतःच यंत्राला संगणक टेकवला. नॉर्विनने त्यांना शहाळं फोडून दिलं. त्या गेल्यावर एर्मेलिंडा म्हणाली, "झालं समाधान?" आणि नवऱ्याशी बोलणं टाकलं. मी तिला दोष देत नाही. कुणी देऊ नये.

मोठ्या बोटीच्या मालकाने सुईवाल्यांच्या जोडीचे वरचे लोक काढून टाकले. बुडबुडेच नाहीत, तर बघायला माणूस कशाला? पण सभेतलं "एकट्याने घेऊ नका" काही जणांच्या डोक्यात राहिलं होतं. त्यांनी मालकाशी वाद घातला, आणि एवढं मान्य करून घेतलं की ज्याला हवा त्याने आपल्या वाट्यातून आपला वरचा माणूस आणावा. रेंडेलला नको होता. तेव्हा एर्मेलिंडा त्याच्या घरी गेली. नवऱ्याशी न बोलणारी बाई, भावापुढे उभी राहून म्हणाली, "हे तुझ्या होडीत बसतील. नसतील बसणार, तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. मेलास तरी मी रडायला येणार नाही."

असा नॉर्विन वरचा माणूस झाला. उरलेल्या तीन महिन्यांच्या पायांनी मोठ्या बोटीची शिडी चढला. बुडबुडे दिसत नाहीत म्हणून त्याने रेंडेलच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. सहाशेपर्यंत आकडे मोजायचे. सहाशे झाले की तीन झटके द्यायचे. आला नाही तर सरळ ओढून काढायचं. नऊ वर्षं खुर्ची रेटून त्याचे दंड वडाच्या पारंब्यांसारखे झाले होते. रेंडेल प्रत्येक वेळी लाल होऊन वर यायचा. "अजून पाच मिनिटं राहिलो असतो, दाजी. दोन शेवंड हातातले गेले."

"उद्या काढ."

बाकीचे टिंगल करायचे, रेंडेलच्या गळ्यात पट्टा बांधलाय म्हणून. बोटीच्या दुसऱ्या फेरीत एकाला ओढ लागली आणि तो सापडला नाही. लुथर त्याचं नाव, दोन लेकरांचा बाप. त्याला दोरही नव्हता आणि वरचा माणूसही नव्हता. त्यानंतर टिंगल थांबली. दोघातिघांनी गुपचूप माझ्याकडून दोर नेला.

तिसरी फेरी. माझा खालचा माणूस अजून टाकीवाला होता, त्यामुळे माझी होडी नॉर्विनच्या होडीपासून वीसेक हातांवर. यंत्राचा शेवटचा दिवस याच आठवड्यातला, एवढं आम्हाला माहीत होतं; घटका-वेळ कुणालाच माहीत नव्हती. मी त्याला म्हटलं होतं, ही फेरी घरी राहा, निदान घरात पड. तो म्हणाला, "घरात पडलो तर ती एकटी मला उचलणार? इथे तुम्ही चाळीस जण आहात."

सकाळची दहाची वेळ असेल. पाणी सपाट होतं. रेंडेलला खाली जाऊन सहा-सात मिनिटं झाली होती. नॉर्विन दोर धरून, एक पाय होडीच्या कडेला रोवून बसला होता, ओढायला जोर यावा म्हणून. माझे बुडबुडे जागेवर होते, म्हणून मी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. तो रोवलेला पाय कडेवरून सरकला. हळूच, झोपलेल्या माणसाचा हात पलंगावरून सरकतो तसा. आणि पडला तो थेट सकाळच्या शेवंडांच्या ढिगावर, त्या काट्यांवर. टाचेतून रक्त आलं. नॉर्विनने पाय उचलला नाही. दुसराही पाय आतल्या बाजूला कलंडला.

मी ओरडलो, "नॉर्विन, तुझे पाय."

त्याने खाली पाहिलं नाही. त्याची नजर दोर जिथे पाण्यात शिरत होता तिथे होती, आणि ओठ हलत होते.

"मला कळलं," तो म्हणाला. "मध्ये बोलू नकोस, लोहो. चारशे बारा. चारशे तेरा."